कँटोनीजमधले संघर्षाचे आणि सीमावादाचे शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही वर्षं हाँगकाँगमध्ये काढून परतल्यापासून मी मराठी मंडळींना तिथली भाषा, कँटोनीज, शिकवते. भाव करणं, पत्ता विचारणं, चहा मागवणं जमलं की प्रत्येक तुकडी बातम्यांकडे वळते आणि तिथे अडखळते. मग तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत.

१. मला थोडी मँडरिन येते. राजकारणाचे शब्द दोन्हीकडे सारखेच असतात ना?

कागदावर बरेचसे सारखे, कानाला नाहीत. ‘सार्वभौमत्व’ दोन्हीकडे त्याच दोन चिन्हांनी लिहितात, फक्त हाँगकाँगमध्ये जुन्या, जास्त रेघांच्या लिपीत. पण बेजिंगचा माणूस ते ‘चूछ्वेन’ असं वाचतो आणि हाँगकाँगचा ‘च्यू-ख्यून’. एवढं तर तुम्ही आठवडाभरात जुळवून घ्याल.

खरी अडचण कोट्यांची आहे. २०१४च्या लोकशाहीसाठीच्या आंदोलनात लोकांनी मिरपुडीचा फवारा छत्र्यांवर झेलला, म्हणून त्याला ‘यू-सान’ म्हणजे छत्री आंदोलन म्हणू लागले. पण ‘यू-सान’ हा पुस्तकी शब्द. घरात छत्रीला ‘चे’ म्हणतात. सेंट्रल भागातल्या चॅटर गार्डनचं चिनी नाव आहे ‘चे-ता’, आणि ‘ता’ म्हणजे मारणं. त्यामुळे काही जण त्याच आंदोलनाला ‘चे-ता क्रांती’ म्हणू लागले. ‘चे’ म्हणजे छत्री हे मँडरिनवाल्याला ठाऊकच नसतं, त्यामुळे त्याच्यासाठी ते नुसतं बागेचं नाव.

२. शब्द देवनागरीत लिहून घेतले तर चालतील का?

सुरुवातीला चालतील. खरं तर रोमन अक्षरांपेक्षा बरे, कारण या बाबतीत मराठी माणूस नशीबवान आहे. कँटोनीजमध्ये क-ख, त-थ, प-फ असा अल्पप्राण-महाप्राण फरक आहे, आणि तो आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेला असतो. १९९३मध्ये हाँगकाँगच्या भाषाशास्त्र मंडळाने ठरवलेली ज्यूटपिंग ही रोमन पद्धत ‘प’साठी ‘बी’ हे अक्षर वापरते आणि ‘फ’साठी ‘पी’. ते पाहून इंग्रजी वळणाचा विद्यार्थी ‘ब’ म्हणतो. तुम्ही सरळ ‘प’ म्हणा. ‘च’ शक्यतो ‘चमचा’तला घ्या.

तीन ठिकाणी सांभाळा. पहिलं ‘फ’. वाटाघाटी म्हणजे ‘थाम-फून’, यातला ‘फ’ ओठ मिटून, आजीच्या ‘फळा’तला. कायदा म्हणजे ‘फात’, यातला ‘फ’ मात्र ‘फॅन’मधला. आपण हल्ली दोन्हीकडे फॅनचाच ‘फ’ लावतो. दुसरं, शेवटचे क-त-प. ‘क्वोक’ म्हणजे देश. त्यातला शेवटचा ‘क’ घशात अडवायचा, सोडायचा नाही. तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सूर. सहा आहेत: १ उंच सपाट, २ उंच चढता, ३ मधला सपाट, ४ खाली उतरता, ५ खालून चढता, ६ खालचा सपाट. ‘चीन’ पहिल्या सुरात तळणं, दुसऱ्यात कात्रीने कापणं, तिसऱ्यात युद्ध, सहाव्यात हलकट. देवनागरीत चारही ‘चीन’, आणि वर मराठीत तो एक देश! एका विद्यार्थ्याच्या वहीत ‘चीन = युद्ध’ एवढंच लिहिलेलं होतं. वही त्याच्या काकांच्या हाती पडली आणि त्यांना वाटलं, पोरगा भविष्य सांगतोय.

या पानावर सुरांचे आकडे पहिल्या शब्दांनाच दिले आहेत. बाकीचे सूर ऐकून घ्या, वाचून घेतलेला सूर टिकत नाही.

३. सुरुवात कोणत्या शब्दांपासून करू?

सुट्या यादीपेक्षा जोडाक्षरासारखे जुळणारे तुकडे आधी घ्या. ‘फान२’ म्हणजे विरोध, ‘पोउ२’ म्हणजे रक्षण, ‘तुक६’ म्हणजे स्वातंत्र्यवादाचं लघुरूप, ‘फाय३’ म्हणजे गट. या चारांवर अर्धं वर्तमानपत्र उभं असतं. ‘मन-च्यू-फाय’ लोकशाहीवादी गट, ‘कीन-चय-फाय’ सत्ताधारी व्यवस्थेच्या बाजूचा गट, ‘कोंग-तुक’ हाँगकाँगचं स्वातंत्र्य, ‘थोय-तुक’ तैवानचं.

मग हे दहा: लिंग५-थोउ२ भूभाग, च्यू२-ख्यून४ सार्वभौमत्व, चंग१-यी५ वाद, छुंग१-तत६ संघर्ष, पीन१-काय३ सीमारेषा, थाम४-फून३ वाटाघाटी, थिंग४-फो२ शस्त्रसंधी (शब्दशः ‘आग थांबवा’), चय३-छोय४ निर्बंध, यप६-छम१ घुसखोरी किंवा आक्रमण, चीन३-चंग१ युद्ध.

४. रेडिओवरच्या बातम्या समजू लागल्यात, पण टॅक्सीत त्याच विषयावर कोणी बोललं की काही कळत नाही. असं का?

कारण निवेदक पुस्तकी चिनी कँटोनीज उच्चारात वाचत असतो आणि टॅक्सीवाला कँटोनीज बोलत असतो. ‘दोन्ही देशांनी भूभागाच्या वादावर वाटाघाटी सुरू केल्या’ हे बातमीत ‘ल्योंग क्वोक चऊ लिंग-थोउ चंग-यी चीन-होय थाम-फून’ असं येतं. टॅक्सीत तेच होतं, ‘को ल्योंग को क्वोक-का चांग कन को को तोउ, यी-का खिंग कन’: ते दोन देश त्या बेटावरून भांडतायत, आता बोलणी चालली आहेत. ‘कन’ म्हणजे आपलं ‘-तायत’. ‘थाम-फून’ची जागा ‘खिंग’ने घेतली, आणि ‘खिंग’ म्हणजे गप्पाही. ‘चीन-चंग’ऐवजी ‘ता-च्योंग’ येतं, हातघाईला ‘ता-काऊ’, तोंडाच्या भांडणाला ‘आय-काऊ’.

वरच्या दोन वाक्यांत ‘चंग’ आणि ‘चांग’ दिसले का? चिन्ह एकच आहे. पुस्तकी शब्दात ऱ्हस्व, बोलीत दीर्घ. बोलीतल्या ‘चांग’चा दुसरा अर्थ उधारी असणं; ‘मी तुझे पैसे लागतो’ याच शब्दाने सांगतात. आपल्याकडे कर्म आणि काम, हस्त आणि हात शेजारी नांदतात तसंच हे समजा. क्रांती म्हणजे ‘काक-मिंग’ आणि ‘वाचवा!’ म्हणजे ‘कऊ-मेंग’. मिंग आणि मेंग एकाच चिन्हाचे दोन उच्चार. एक उच्चार व्यासपीठावरचा, दुसरा रस्त्यावरचा. शब्द दोन्ही उच्चारांनी पाठ करा, म्हणजे टॅक्सीतही निभावेल.

५. १९९७मध्ये जे झालं त्याला नेमकं काय म्हणायचं?

१९९७मध्ये ब्रिटिश राजवट संपून हाँगकाँग चीनकडे गेलं. सगळ्यात जास्त पत्रं यावर येतात, आणि ती बरोबरच येतात. इथे शब्द निवडला की बाजू निवडली. डिसेंबर १९६१मध्ये गोवा ‘मुक्त झाला’ म्हणणारे आपण आणि ‘भारताने आक्रमण केलं’ म्हणणारे तेव्हाचे पोर्तुगीज सत्ताधारी आठवा.

बेजिंगचा आणि हाँगकाँग सरकारचा लाडका शब्द ‘वुई-क्वय’ म्हणजे परतणं. लेकरू घरी आलं, असा त्याचा भाव. ‘यी-काऊ’ म्हणजे सोपवणं, हस्तांतर. हा कोरडा शब्द इतिहासकार आणि विरोधक वापरत आले. पण त्याच्या आधी ‘च्यू-ख्यून’ जोडून ‘सार्वभौमत्वाचं हस्तांतर’ म्हटलं की सरकारी भुवया उंचावतात. त्यांचा मुद्दा असा की सार्वभौमत्व चीनकडून गेलंच नव्हतं, मग हस्तांतर कशाचं? १९८४च्या चीन-ब्रिटन संयुक्त जाहीरनाम्यात म्हणूनच दोन क्रियापदं आहेत. चीनच्या बाजूने ‘फुई-फुक हंग-सय च्यू-ख्यून’, म्हणजे सार्वभौमत्वाचा वापर पुन्हा सुरू करणं. ब्रिटनच्या बाजूने ‘काऊ-वान’, म्हणजे परत देणं. एकाच करारात दोघांनी आपापलं म्हणणं शाबूत ठेवलं. २०१८मध्ये शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकांवर वाद झाला तोही यावरच. ‘चीनने हाँगकाँगचं सार्वभौमत्व परत घेतलं’ या अर्थाच्या वाक्यातलं ‘सऊ-वुई’, परत घेणं, तपासणाऱ्यांना खटकलं. जे गमावलंच नाही ते परत कसं घेणार?

आणखी दोन शब्द जोडीने ठेवा: ‘कोत-य्योंग’ म्हणजे तोडून देणं आणि ‘चोउ-चे’ म्हणजे भाडेपट्टा. हाँगकाँग बेट १८४२मध्ये आणि कौलून १८६०मध्ये तोडून दिलं गेलं. नवा प्रदेश, ‘सन-काय’, १८९८मध्ये ९९ वर्षांच्या पट्ट्यावर होता. पट्टा संपायची तारीख जवळ आली म्हणून सगळाच प्रश्न उभा राहिला. हा फरक ज्याला माहीत नाही त्याला १९९७ हाच आकडा का, ते कळत नाही.

आणि नुसतं बोलायचं असेल तर? सामान्य माणूस ‘कऊ-छत’ म्हणतो, म्हणजे नऊ-सात. ‘कऊ-छतच्या आधी’, ‘कऊ-छतच्या नंतर’. कोणाच्या बाजूने आहात ते कळत नाही आणि गप्पा पुढे चालतात.

६. मोर्चा, निदर्शनं, उठाव, दंगल यांत गोंधळ होतो. फरक कसा लक्षात ठेवू?

चालत गेलात तर ‘यऊ-हंग’, एका जागी जमलात तर ‘चाप-वुई’, बसलात तर ‘चिंग-चो’. ‘सी-वय’ म्हणजे निदर्शन, ‘खोंग-यी’ म्हणजे निषेध. ‘पा’ म्हणजे बंद पाडणं: ‘पा-कुंग’ संप, ‘पा-फो’ वर्गांवर बहिष्कार. ‘च्यूत-सिक’ म्हणजे उपोषण. हे सगळे शब्द साधे, वापरायला सोपे.

‘पोउ-तुंग’ साधा नाही. त्याचा अर्थ दंगल, आणि हाँगकाँगच्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यात दंगलीला १० वर्षांपर्यंत कैद आहे. प्रत्यार्पण विधेयकाविरुद्धच्या १२ जून २०१९च्या निदर्शनांना सरकारने हा शब्द लावला, आणि तो मागे घ्या ही आंदोलकांच्या पाच मागण्यांपैकी एक ठरली. एका शब्दासाठी लाखो लोक चालले, हे वर्गात सांगितलं की मुलं वहीतला तो शब्द जरा वेगळ्या नजरेने पाहतात.

१९६७ घ्या. डाव्यांनी ब्रिटिश राजवटीविरुद्ध केलेल्या त्या उठावाला शहरात बहुतेक जण ‘लुक-छत पोउ-तुंग’, म्हणजे सदुसष्टची दंगल म्हणतात. त्यात उतरलेले डावे मात्र ‘फान-यिंग खोंग-पोउ’ म्हणतात: इंग्रजांना विरोध, जुलमाचा प्रतिकार. आणि गंमत पाहा, दोन्हीकडचं ‘पोउ’ हे चिन्ह एकच! एकीकडे हिंसा डाव्यांची, दुसरीकडे इंग्रजांची.

माणसांनाही असंच. तीच व्यक्ती ‘सी-वय-चे’ निदर्शक, ‘खोंग-चंग-चे’ लढणारी, ‘पोउ-थोउ’ दंगेखोर, आणि रागावलेल्या पोलिसाच्या तोंडी ‘कात-चात’ म्हणजे झुरळ. उलट बाजूने पोलिसाला साधं बोलीतलं ‘छाय-यन’, शिवी म्हणून ‘हक-किंग’ म्हणजे काळा पोलीस. ‘कात-चात’ आणि ‘हक-किंग’ तोंडातून काढू नका, पण ऐकलं तर कळलं पाहिजे.

७. ‘पिवळा’, ‘हातपाय’, ‘आजोबा’, ‘स्वप्न पाहणं’: हे शब्द राजकीय चर्चेत कसे काय?

हे २०१४ आणि २०१९चं बोलीतलं देणं. ‘वोंग-सी’ म्हणजे पिवळी फीत, आंदोलनाच्या बाजूचा. ‘लाम-सी’ म्हणजे निळी फीत, पोलीस आणि सरकारच्या बाजूचा. दुकानंही पिवळी-निळी झाली, आणि पुढे ‘पिवळं अर्थचक्र’ असा शब्दही निघाला. ‘सऊ-चुक’ म्हणजे हातपाय, म्हणजे भावंडं, म्हणजे सोबत लढणारे. ‘फात-मुंग’ म्हणजे स्वप्न पाहणं: इंटरनेटवर ‘काल मी आंदोलनात होतो’ असं न लिहिता ‘काल मी स्वप्न पाहिलं’ असं लिहायचे. ‘लाम-छाऊ’ म्हणजे मिठी मारून सोबत बुडणं. आम्ही गेलो तर तुम्हालाही घेऊन जाऊ.

‘आ-ये’ म्हणजे आजोबा, म्हणजे बेजिंगचं सरकार. ‘आजोबा काय म्हणतात?’ हा प्रश्न कौटुंबिक नाही. ‘सय-वान’ हा शहराच्या पश्चिमेचा भाग, पण बातमीत सय-वान म्हणजे तिथलं केंद्र सरकारचं संपर्क कार्यालय. आपण ‘दिल्ली’ किंवा ‘मातोश्री’ म्हणतो, तसंच.

माझी आवडती कोटी विमानतळावरची. शांततेने आंदोलन करणाऱ्यांना ‘वो-लेय-फेय’ म्हणत: शांत, विवेकी, अहिंसक या तीन शब्दांची पहिली अक्षरं. २०१९मध्ये विमानतळावर ठिय्या द्यायचं ठरलं तेव्हा त्याला नाव पडलं ‘वो-नेय-फेय’, म्हणजे तुझ्यासोबत उडणं. शब्द वेगळे, पण हाँगकाँगमध्ये बरेच जण ‘न’चा ‘ल’ करतात, ‘नेय’ला ‘लेय’ म्हणतात. शिक्षक या ‘आळशी उच्चारा’वर वर्षानुवर्षं ओरडत आले, आणि आंदोलनाचं नाव त्यावरच तरलं.

आकड्यांचीही टोपणनावं आहेत. २०१२मध्ये लिअंग चुन-यिंग ६८९ मतं मिळवून मुख्य कार्यकारी, म्हणजे हाँगकाँगचे सरकारप्रमुख, झाले आणि ६८९ हेच त्यांचं नाव झालं. २०१७मध्ये कॅरी लाम यांना ७७७ मतं मिळाली. सात म्हणजे ‘छत’, आणि सूर बदलला की ती शिवी होते. पुढचं समजून घ्या.

८. ‘चीन’ म्हणायला तीन शब्द का? कोणता वापरू?

‘चुंग-क्वोक’ म्हणजे चीन देश. ‘नोय-तेय’ म्हणजे अंतर्भाग, आतला प्रदेश. ‘ताय-लुक’ म्हणजे मुख्य भूमी. सरकारी कागदात ‘नोय-तेय’, कारण हाँगकाँगही चीनच आहे हे त्यात गृहीत असतं. घरगुती बोलण्यात ‘ताय-लुक’. ‘मी हाँगकाँगहून चुंग-क्वोकला जातोय’ म्हटलं की ऐकणारा तुमचं मत ओळखतो. नवशिक्याने ‘ताय-लुक’ म्हणावं. ऑफिसात, खासकरून सरकारी कामात, ‘नोय-तेय’. तैवानचा विषय असेल तर ‘ल्योंग-न्गोन’, म्हणजे दोन किनारे. हा शब्द दोन्ही बाजूंना पचतो.

९. बेटांच्या वादात तर प्रत्येक बेटाला तीन-तीन नावं. पाठ कसं करायचं?

नाव आणि ते कोण म्हणतं, हे एकत्र पाठ करायचं. जपान ज्यांना सेनकाकु म्हणतो ती बेटं हाँगकाँगच्या तोंडी ‘तिऊ-यू-थोय’. मुख्य भूमीचं सरकार शेवटी ‘थोय’ऐवजी ‘तोउ’ म्हणजे बेट लावतं. हाँगकाँगमध्ये या वादावर एक अख्खी चळवळ उभी राहिली: ‘पोउ-तिऊ’, तिऊ-यूचं रक्षण. ७ जुलै १९७१ला व्हिक्टोरिया पार्कात तिच्या निदर्शकांवर वसाहतीच्या पोलिसांनी लाठ्या चालवल्या. सप्टेंबर १९९६मध्ये चळवळीतले डेव्हिड चॅन बेटांजवळ पाण्यात उतरले आणि बुडाले. १५ ऑगस्ट २०१२ला हाँगकाँगहून गेलेले कार्यकर्ते बेटावर उतरले तेव्हा त्यांच्या हातात चीनचा झेंडा होता आणि तैवानचाही. ‘पोउ-तिऊ’वाला म्हणजे बेजिंगवाला, असा सरळ हिशेब इथे चालत नाही.

दक्षिण चिनी समुद्र म्हणजे ‘नाम-होय’. त्यातली ‘सय-सा’ आणि ‘नाम-सा’ ही बेटं (आपल्या बातम्यांतली पॅरासेल आणि स्प्रॅटली), ‘कऊ-त्यून-सीन’ ही नऊ तुकड्यांची रेषा, आणि १२ जुलै २०१६च्या हेगच्या निकालासाठी ‘चुंग-छोय’, लवाद. एवढे शब्द असले की बातमी कळते.

१०. भारत-चीन सीमेच्या बातम्या कँटोनीजमध्ये वाचायच्या आहेत. काय लागेल?

‘यन-तोउ’ म्हणजे भारत, ‘चुंग-यन पीन-किंग’ म्हणजे भारत-चीन सीमाभाग. प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ‘सत-चय-हुंग-चय-सीन’, मॅकमहोन रेषा ‘मक-हक-मा-हुंग-सीन’, डोकलाम ‘तुंग-लोंग’, गलवान ‘का-लक-मान’. १५ जून २०२०च्या गलवान चकमकीनंतर माझ्या वर्गात एकदम गर्दी झाली होती, आणि सगळ्यांना पहिल्या दिवशीच हे शब्द हवे होते.

दोन ठिकाणी सावध राहा. बातमीत ‘चोंग-नाम’ दिसलं तर ते दक्षिण तिबेट, म्हणजे चीनच्या दाव्यातला आपला अरुणाचल. मुख्य भूमीच्या बातमीत अरुणाचल हे नाव आलंच तर त्याआधी ‘सो-वय’ असतं: तथाकथित. हा छोटा शब्द शिकलात की कोणती बातमी कुठून आली ते लगेच ओळखता येईल. दुसरं, १९६२. तटस्थ नाव ‘चुंग-यन चीन-चंग’. ‘ची-वय फान-किक-चीन’, म्हणजे स्वसंरक्षणासाठी केलेलं प्रतिहल्ल्याचं युद्ध, हे बेजिंगचं नाव. भाषांतर करताना दुसरं नाव पहिल्यासारखं सपाट करू नका, बातमीचा अर्धा मुद्दा त्यातच असतो.

११. हाँगकाँगमध्ये हे शब्द मोठ्याने बोलले तर अडचण येईल का?

शब्द माहीत असणं वेगळं आणि घोषणा देणं वेगळं. ३० जून २०२०पासून राष्ट्रीय सुरक्षा कायदा, ‘क्वोक-ओन-फात’, लागू आहे. मार्च २०२४मध्ये त्याच्या जोडीला मूलभूत कायद्याच्या, म्हणजे हाँगकाँगच्या छोट्या राज्यघटनेच्या, कलम २३ खालचा स्थानिक कायदाही आला, ज्याला लोक नुसतं ‘यी-सप-साम थिऊ’, तेविसावं कलम, म्हणतात. २०१९च्या गाजलेल्या घोषणेतला (‘हाँगकाँग परत मिळवा, आपल्या काळाची क्रांती’) ‘क्वोंग-फुक’ म्हणजे गमावलेलं परत उजळवणं. पुस्तकात हा जुना, प्रतिष्ठित शब्द. पण ती घोषणा फुटीरतेला चिथावणी देऊ शकते, असं न्यायालयाने २०२१मध्ये म्हटलं. २०२४मध्ये ती छापलेला टी-शर्ट घातल्याबद्दल एकाला १४ महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा वर्गात अर्थ समजून घ्या, तिथे जाऊन उच्चाराचा सराव करू नका. प्रश्न ७मधले शब्दही ओळख नसलेल्यासमोर टाळा, समोरच्याला अवघडल्यासारखं होतं.

१२. पोलीस ‘कॉफीला बोलावतात’ म्हणजे काय?

पोलीस नाही, १९७४मध्ये स्थापन झालेला भ्रष्टाचारविरोधी आयोग. ‘यम का-फे’, कॉफी पिणं, म्हणजे त्यांच्याकडे चौकशी. मुख्य भूमीवर सुरक्षा खातं ‘चहाला’ बोलावतं. हाँगकाँगमध्ये ‘यम-छा’ म्हणजे मात्र रविवार सकाळचं कुटुंबासोबतचं खाणं. तिथे निर्धास्त जा.

१३. आपल्यासारख्यांना तिथे काय म्हणतात? अपमान कुठला आणि नुसतं वर्णन कुठलं?

‘नाम-आ-य्योय’, दक्षिण आशियाई वंशाचे, हा सभ्य शब्द. ‘आ-छा’ हा हिणवणारा. तो आपल्याच ‘अच्छा’वरून आला, असं तिथे सांगतात. २० ऑक्टोबर २०१९ला पोलिसांच्या पाण्याच्या फवाऱ्यातून निळं पाणी कौलूनच्या मशिदीच्या दारावर उडालं. त्याच दिवशी जवळच्या चुंगकिंग मॅन्शन्सबाहेर दक्षिण आशियाई मंडळी मोर्चेकऱ्यांना पाण्याच्या बाटल्या वाटत होती. त्या सुमाराला ऐकू येणारं वाक्य होतं, ‘न्गो-तेय तोउ हय ह्योंग-कोंग-यन’: आपण सगळे हाँगकाँगकरच. ‘तोउ’वर जोर असतो. ते आहे आपलं ‘-ही’ आणि ‘सगळे’, दोन्ही एकात.

१४. ग्वांगझू किंवा परदेशातल्या कँटोनीज लोकांशी बोलताना हेच शब्द चालतील का?

प्रश्न ३ आणि ६मधले साधे शब्द चालतील. ग्वांगझूत प्रश्न ७ मधली बोली फारशी लागू नाही, पण तिथे भाषाच एकदा वादाचा विषय झाली होती. २०१०मध्ये टीव्हीवरच्या कँटोनीज कार्यक्रमांत मँडरिन वाढवण्याच्या प्रस्तावाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. घोषणा होती ‘छांग य्यूत-यू’, कँटोनीजला टेकू द्या. लंडन किंवा मँचेस्टरमध्ये, ३१ जानेवारी २०२१पासून हाँगकाँगकरांसाठीच्या ब्रिटिश बीएनओ व्हिसावर गेलेल्या लोकांत, उलट अनुभव येतो. तिथे ‘सऊ-चुक’, ‘वोंग-सी’ अजून मोकळेपणाने ऐकू येतात, आणि ‘वुई-क्वय’ म्हणालात तर समोरचा हसून दुरुस्ती करेल: ‘यी-काऊ.’